चित्रदान आणि चित्रदात्याचा धर्म

धर्माच्या गाईचे दांत पाहूं नयेत, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. घेणाऱ्याच्या तोंडीं ती शोभते, कारण तींत कृतज्ञता आहे. परंतु अलीकडे ती देणाऱ्यांच्याच तोंडीं ऐकूं येऊं लागली आहे, आणि तेथें ती उद्धटपणाची होते. स्कूबाचें साधन पाठीस बांधून समुद्राच्या तळाशीं उतरणारे आणि तेथील छायाचित्रें काढून आणणारे हौशी लोक आतां आपल्यांतही पुष्कळ झाले आहेत. ह्यांपैकीं कांहीं जण आपलीं चित्रें लोकांनीं चालविलेल्या सामायिक ज्ञानकोशांस, म्हणजे ज्यांस विकि असें म्हणतात त्यांस, देऊं करतात. तेथें त्यांच्यापुढें नियमांची यादी येते. चित्र कोणीं काढलें, कोठें व केव्हां काढलें, त्यावर हक्क कोणाचा, इतरांनीं तें वापरावें यास तुमची स्पष्ट मोकळीक आहे काय, असे प्रश्न त्यांत असतात. यादी पाहून दाता रागावतो. "आम्ही फुकट देतों, आणि वर आमचीच उलटतपासणी?" असा त्याचा सवाल असतो. हा सवाल वरवर रास्त वाटतो. तो रास्त नाहीं, हें दाखविण्याकरितां हा लेख आहे.

प्रथम ही संस्था काय आहे तें पाहूं. विकि हा हवाई बेटांतील भाषेंतला शब्द. त्याचा अर्थ 'त्वरित'. 1995 सालीं वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें पहिला विकि लोकांपुढें ठेवला. कोणासही लिहितां यावें आणि कोणासही दुरुस्त करतां यावें, अशी ती वही होती. 15 जानेवारी 2001 रोजीं विकिपीडिया निघाला. 2004 च्या सप्टेंबरांत चित्रांचें सामायिक भांडार म्हणून विकिमीडिया कॉमन्स उघडलें. प्रवाशांसाठीं असलेल्या विकिव्हॉयेज नांवाच्या भावंडांत पाणबुड्यांच्या उपयोगाचीं पानें आहेत. त्यांत दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउनजवळच्या फॉल्स बे उपसागराचें वर्णन तर इतकें तपशीलवार आहे कीं, एकेका खडकाचे व एकेका बुडालेल्या जहाजाचे निराळे लेख आणि नकाशे तेथें आढळतात. हें काम पगारी चाकरांनीं केलेलें नाहीं. सुटीच्या दिवशीं बुडी मारून आलेल्या माणसांनीं रात्रीं बसून तें केलें आहे. नियम सांगणारा तोही फुकटच राबत आहे, हें रागावलेल्या दात्याच्या ध्यानांत येत नाहीं. फुकट देणाऱ्याचा मान मोठा खरा. पण फुकट सांभाळणाऱ्याचा मान कोणत्या न्यायानें लहान?

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. पाण्याखालचें छायाचित्र आणि जमिनीवरचें छायाचित्र ह्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याचें चित्र कोणीं चुकीच्या नांवाखालीं छापलें, तर शंभर माणसें उठून त्याचे कान धरतील. समुद्राखालीं तीस मीटरवरील खडकाचें चित्र चुकीच्या नांवाखालीं छापलें, तर कोण बोलणार? तेथें गेलेलीं माणसें थोडीं, त्यांतून त्या दिवशीं त्या जागीं असलेला बहुधा एकटा दाताच. म्हणून त्याचें चित्र ही देणगी असलीच तर नंतर. अगोदर ती साक्ष आहे. न्यायालयांत साक्षीदारास नांव, गांव, दिवस व वेळ विचारतात, तें त्याचा अपमान करावा म्हणून नव्हे. त्यावांचून त्याच्या बोलण्यास वजन येत नाहीं म्हणून विचारतात.

शिवाय पाणी हा स्वतःच एक खोटा साक्षीदार आहे. सपाट कांचेंतून पाहणाऱ्यास पाण्यांतली वस्तु सुमारें एक-तृतीयांशानें मोठी व आहे त्याहून जवळ भासते. सूर्यप्रकाशांतील तांबडा रंग पहिल्या कांहीं मीटरांतच पाणी गिळून टाकतें. खालीं गेल्यावर तांबडा मासा काळसर आणि रक्त हिरवट दिसतें. म्हणून पाण्याखालीं चित्र काढणाऱ्यास आरंभापासून कृत्रिम उजेड बरोबर न्यावा लागला. 1893 सालीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स येथें लुई बूतां या प्राणिशास्त्रज्ञानें पाण्याखालीं छायाचित्रें घेण्यास सुरुवात केली, तेव्हांपासून हा प्रश्न त्या कलेच्या पाठीस लागला आहे. 1926 सालीं विल्यम लाँग्ली व चार्ल्स मार्टिन ह्यांनीं फ्लोरिडाजवळ ड्राय टोर्टुगास येथें पाण्याखालचीं पहिलीं रंगीत छायाचित्रें घेतलीं, तीं पाण्याच्या पृष्ठभागावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा स्फोट करून, त्याच्या लखलखाटांत. त्या स्फोटानें लाँग्लीला भाजलेंही. एवढ्या खटाटोपानें मिळालेल्या चित्राचें मोल त्याच्या रंगांत जितकें होतें, तितकेंच तें कोठें, कोणीं व कोणत्या माशाचें घेतलें याच्या नोंदींत होतें. आज खिशांत मावणारा कॅमेरा तेंच काम करतो. साधन स्वस्त झालें म्हणून नोंदही स्वस्त झाली, असें मात्र नव्हे.

महाविद्यालयांत शिकविणाऱ्यास हें सांगण्यास दृष्टांत शोधावा लागत नाहीं. प्राणिशास्त्राच्या संग्रहालयांत बाटलींत ठेवलेला नमुना कितीही सुरेख असो, त्यावर स्थळ, दिनांक व गोळा करणाऱ्याचें नांव असलेली चिठ्ठी नसेल, तर अभ्यासकाच्या दृष्टीनें ती लोणच्याची बरणी होय. चित्राचेंही तसेंच आहे. कॅमेऱ्यानें आपोआप दिलेला चार आंकड्यांचा क्रमांक हेंच नांव ठेवून पाठविलेलीं दोनशें चित्रें म्हणजे चिठ्ठ्या नसलेल्या दोनशें बाटल्या. त्या ठेवण्यास जागा लागते, चाळण्यास कोणाचा तरी रविवार जातो, आणि शेवटीं त्या टाकून द्याव्या लागतात.

कोणी म्हणेल, "हें सर्व पंडितांसाठीं ठीक, हौशी माणसास त्याचें काय?" उलट हौशी माणसासच त्याचें सर्वांत अधिक आहे, कारण त्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. फॉल्स बेचेंच उदाहरण घेऊं. केपच्या उन्हाळ्यांत आग्नेयेकडचा वारा सुटला म्हणजे द्वीपकल्पाच्या अटलांटिक बाजूचें पाणी थंड व स्वच्छ होतें. फॉल्स बेची बाजू बहुधा हिवाळ्यांत चांगली असते. अशा ठिकाणीं महिना न सांगतां दिलेलें एक निळेंशार, स्फटिकासारखें चित्र वाचकास चुकीच्या ऋतूंत चुकीच्या किनाऱ्यावर नेऊन सोडतें. त्याच उपसागरांत स्मिट्सविंकल बे येथें पांच जहाजें मुद्दाम बुडवून ठेवलीं आहेत. तीं तीस मीटरांहून अधिक खोल आहेत. पहिली परीक्षा उतरलेल्या हौशी पाणबुड्यास साधारणतः 18 मीटरांची मर्यादा घालून देतात, आणि पुढें शिकलेल्यासही हौसेच्या बुडीसाठीं 40 मीटरांपलीकडे जाऊं देत नाहींत. जहाजाच्या डोलकाठीवर पिवळें प्रवाळ फुललें आहे, असें मोहक चित्र खोली न सांगतां छापलें, तर तें नवशिक्यास आमंत्रण ठरतें. तें आमंत्रण धाडणारा दाता घरीं सुखरूप असतो.

म्हणून अशा कोशास जीं चित्रें खरोखर हवीं असतात, तीं बहुधा दात्याच्या मनांतलीं नसतात. पाण्यांत कोठून उतरावें तो किनारा, वर येतांना ओळखावयाची खूण, त्या जागीं सामान्य दिवशीं पाणी किती गढूळ असतें याचें प्रामाणिक दर्शन, धोक्याची कपार, प्राण्याचें असें चित्र कीं ज्यावरून त्याची जात निश्चित करतां येईल. हीं चित्रें नीरस असतात. त्यांस स्पर्धेंत पारितोषिक मिळत नाहीं. परंतु गढूळ पाण्याचें खरें चित्र हें स्वच्छ पाण्याच्या अपवादात्मक चित्रापेक्षां कोशाच्या पानावर अधिक सुंदर आहे, असें आमचें मत आहे. आणि ज्यास हें पटत नाहीं त्यानें आपलीं चित्रें चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावावीं, त्यांत कोणाची हरकत नाहीं.

दुसरा आक्षेप हक्कांविषयींचा आहे, आणि तो अधिक सुशिक्षित लोक घेतात. "चित्र घ्या, पण धंद्यासाठीं वापरूं नका," एवढीच अट ते घालूं इच्छितात. आणि कॉमन्सचा नियम तर असा कीं, अशा अटीचें चित्र घ्यावयाचेंच नाहीं. "हा कोणता हट्ट? आमच्या घामावर दुसऱ्यानें पैसे कमवावे काय?" आक्षेपांत स्वाभिमान आहे, म्हणून त्यास उत्तर नीट दिलें पाहिजे.

आपल्या देशाचा कॉपीराइटचा कायदा 1957 चा आहे. त्यान्वयें हक्क चित्र काढतांच उत्पन्न होतो. त्यासाठीं कोठें नोंद करावी लागत नाहीं. पूर्वीं छायाचित्राच्या हक्काची मुदत त्याच्या प्रसिद्धीपासून मोजीत. 2012 च्या दुरुस्तीनंतर ती काढणाऱ्याच्या हयातीपर्यंत व त्यापुढें 60 वर्षें अशी झाली आहे. म्हणजे एखादा छायाचित्रकार 2030 सालीं वारला, तर त्याचें चित्र 2090 च्या अखेरपर्यंत बंद राहील. दात्यानें तोंडानें "घ्या" म्हटल्यानें हें कुलूप उघडत नाहीं. लेखी परवाना द्यावा लागतो. परवाना मागणारा स्वयंसेवक हा दात्यावर अविश्वास दाखवीत नसून, दात्याच्या नातवांनीं उद्यां कोशावर फिर्याद करूं नये याची तजवीज करीत असतो. आणि मोकळ्या परवान्यानें दात्याचें नांव पुसलें जातें, हा तर निव्वळ गैरसमज आहे. प्रचारांतल्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांचा पहिला संच 2002 च्या डिसेंबरांत निघाला. त्यांपैकीं जो विकींत सर्वांत अधिक चालतो, त्यांत कर्त्याचें नांव देणें हें वापरणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि चित्रांत फेरफार करून नवें कांहीं केल्यास तेंही त्याच मोकळिकीनें लोकांस द्यावें लागतें.

राहिली 'धंद्याची' गोष्ट. धंदा म्हणजे काय, याची रेघ कोठें ओढावयाची? खेड्यांतल्या शाळेसाठीं छापलेलें पुस्तक दहा रुपयांस विकलें तर तो धंदा काय? कोळ्यांच्या सहकारी संस्थेनें माशांचा तक्ता छापून खर्चापुरती किंमत घेतली तर? जाहिरातीवर चालणाऱ्या वर्तमानपत्रानें प्रवाळ मरत असल्याची बातमी त्या चित्रासह दिली तर? अट घालणारा सज्जन ह्या तिघांसही आनंदानें परवानगी देईल. परंतु त्याची अट देणार नाहीं, आणि परवानगी विचारण्यास तो सर्वकाळ हयात असणार नाहीं. ज्या लबाडास चोरी करावयाची तो अट वाचीत बसत नाहीं. ती वाचून मागें सरतो तो भिडस्त शिक्षक. म्हणजे अटीनें चोर अडत नाहीं, सज्जन मात्र अडतो.

ह्यावर तर्कच करीत बसण्याचें कारण नाहीं. इतिहास समोर आहे. विकिट्रॅव्हल नांवाचा प्रवासविषयक विकि 2003 सालीं स्वयंसेवकांनीं लिहावयास घेतला. 2006 सालीं तो एका कंपनीनें विकत घेतला. अर्थात् नांव व पाटी विकत घेतली. पुढें लिहिणाऱ्यांचें त्या कारभाराशीं पटेना. कांहीं जण आधींच बाहेर पडून विकिव्हॉयेज चालवीत होते. 2012 सालीं आणखी मोठा गट निघाला, आणि 15 जानेवारी 2013 रोजीं विकिव्हॉयेज विकिमीडियाच्या छत्राखालीं रीतसर सुरू झाला. निघतांना त्यांनीं आपले व एकमेकांचे लेख व चित्रें बरोबर नेलीं. हें त्यांस कां करतां आलें? सर्व मजकूर मोकळ्या परवान्याखालीं होता म्हणून. ज्या मोकळिकीस आमचे आक्षेपक लुटारूंचा दरवाजा समजतात, त्याच दरवाजानें धनी बदलल्यावर कष्टकरी आपली शिदोरी घेऊन बाहेर पडले. प्रत्येकानें आपापल्या चित्रास निराळी अट बांधली असती, तर तीं चित्रें विकत गेलेल्या घरांतच कोंडलीं गेलीं असतीं.

हक्काच्याच ओघांत आणखी एक गोष्ट येते. चित्र दात्याचें स्वतःचें असावें, हा नियम इतका उघड आहे कीं तो सांगावा लागूं नये. तरी सांगावा लागतो. बुडीला नेणाऱ्या धंदेवाल्यानें काढून दिलेलें चित्र, त्यांत आपण आहों म्हणून, आपलें होत नाहीं. मित्राच्या हातीं आपला कॅमेरा दिला, तर कॅमेरा आपला राहतो; चित्र मित्राचें असतें. आणि चित्रांत ओळखूं येणारा तिसराच मनुष्य असला, तर त्याचा चेहरा जगास देण्यापूर्वीं त्यास विचारणें हें कायद्याच्याही अगोदर सभ्यतेचें काम आहे.

तिसरी गोष्ट अशांची, ज्यांस विचारतां येत नाहीं. समुद्रांतील प्राणी चित्रासाठीं छळले जातात. फुगणाऱ्या माशाचें चेंडूसारखें चित्र पाहून आपण हंसतों. परंतु तें फुगणें हें त्याच्या भीतीचें लक्षण आहे, आणि बहुधा कोणीं तरी त्यास चाळविल्यावांचून तो तसा दिसत नाहीं. तारामासा पाण्याबाहेर हातांत धरून, प्रवाळाच्या खडकावर पाय रोवून, अथवा पाव टाकून जमविलेल्या माशांच्या गर्दींत काढलेलीं चित्रें हींही त्याच जातीचीं. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं प्रवाळांस संरक्षण आहे. 2001 सालीं समुद्रघोड्यांसही त्या संरक्षणाखालीं आणण्यांत आलें. असें चित्र कोशांत ठेवणें म्हणजे पुढील हजार वाचकांस तोच पाठ देणें होय. ज्या कोशाचा नियम अशीं चित्रें नाकारतो, तो नियम सोंवळेपणाचा नसून शहाणपणाचा आहे.

आणि अलीकडे एक नवें संकट उभें राहिलें आहे. यंत्रास चार शब्द सांगितले कीं, कधींही अस्तित्वांत नसलेल्या माशाचें चकचकीत चित्र तें क्षणांत तयार करून देतें. रंग सुधारणें निराळें. पाण्यानें खाल्लेला तांबडा रंग परत आणणें ही कांहीं अंशीं सत्याची भरपाईच आहे, मात्र ती केल्याचें लिहावें. पण जेथें कोणी उतरलाच नाहीं तेथील दृश्य हें साक्ष कसें होईल? जी मंडळी काल नियमांस क्षुल्लक म्हणत होतीं, त्यांस आज कळावें कीं, कोणीं, कोठें, केव्हां हे तीन कंटाळवाणे प्रश्नच खरें चित्र आणि बनावट चित्र ह्यांमधील भिंत आहे.

इतकें म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नियम रास्त असले तरी ते सांगण्याची रीत पुष्कळदां रास्त नसते. यादी लांबलचक, भाषा वकिली, आणि तीही इंग्रजी. नवखा मनुष्य भीत भीत चित्र देतो, आणि एक-दोन दिवसांत तें काढून टाकण्याची कोरडी नोटीस त्याच्या हातीं पडते. तींत "आपण आलांत, बरें वाटलें" असा एक शब्दही नसतो. पाहुण्यास पाय धुवा म्हणून सांगणें योग्य. पण पाण्याचा तांब्या पुढें करणें हेंही यजमानाचेंच काम आहे. शिवाय एखाद्या नियमास तारतम्यही हवें: दुर्मिळ प्राण्याची वा जुन्या बुडालेल्या जहाजाची जागा अंशकलांसह छापली, तर ती वाचणारांत चोरही असतात. अशा वेळीं जागा ढोबळ सांगावी व तसें सांगितल्याचें नमूद करावें. सत्य सांगणें आणि सर्वच सांगणें ह्यांतील हा फरक नियम करणाऱ्यांनीं विसरूं नये.

हा सर्व ऊहापोह मराठी वाचकांपुढें करण्याचें कारण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सभोंवतींचा मालवणचा समुद्र 1987 सालापासून सागरी अभयारण्य आहे. तेथें व तारकर्ली येथें दरवर्षीं असंख्य मराठी कुटुंबें पाण्याखालीं उतरून येतात. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर भर समुद्रांत प्रवाळांचें एक बुडालेलें पठार आहे. त्यास कान्होजी आंग्र्यांच्या नांवावरून आंग्रिया बँक म्हणतात, आणि त्याचा सर्वांत उंच भागही पाण्याखालीं सुमारें वीस मीटर आहे. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून चालू आहे. एका बाजूस हा समुद्र, दुसऱ्या बाजूस हा कोश, आणि मध्यें सहस्रावधि चित्रें. पण तीं चित्रें भ्रमणध्वनींतून भ्रमणध्वनींत फिरून चार दिवसांत विस्मृतींत जातात. त्यांतील दहांनीं जरी स्थळ, दिनांक, खोली व मोकळा परवाना ह्यांसह कोशांत प्रवेश केला, तरी आपल्या मुलांस शेवंड व तांबोशी हीं ताटांत येण्यापूर्वीं कशीं राहतात हें आपल्याच भाषेंत पाहतां येईल. चित्राखालीं मालवणच्या कोळ्यांकडून विचारून घेतलेलें स्थानिक नांव लिहिलें, तर ती भर जगांतल्या कोणत्याही कोशांत दुसरा कोणी घालूं शकणार नाहीं.

डॉक्टर केतकरांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभारला तेव्हां त्यांस माहिती गोळा करण्यासाठीं आयुष्यांतलीं उमेदीचीं वर्षें खर्चावीं लागलीं. आज तेंच काम हजार हातांत वांटून घेण्याची सोय झाली आहे, आणि एका हातानें द्यावयाचें तें फार थोडें आहे: एक चित्र, आणि त्याखालीं चार ओळींची खरी हकीकत. त्या चार ओळी लिहिण्याचा ज्यास कंटाळा आहे, त्यानें आपल्या औदार्याचा डंका पिटूं नये. धर्माच्या गाईचे दांत घेणाऱ्यानें पाहूं नयेत, हें खरें. पण गाय आजारी नाहीं आणि ती आपलीच आहे, एवढें पाहूनच ती दुसऱ्याच्या दारीं बांधावी, हा देणाऱ्याचा धर्म आहे.